चाळीस किलोमीटर फुकट

मध्यमवर्गीय माणसाला डावीकडून उजवीकडे खाली उतरत जाणारी रेघ एकाच कागदावर बघवते, गृहकर्जाच्या परतफेडीच्या तक्त्यावर. शेअर बाजार असो, मुलांचे टक्के असोत की ठेवींवरचं व्याज, इतर कुठेही रेघ खाली वळली की घास घशाखाली उतरत नाही. त्यामुळे धाकट्या मेहुण्याने रविवारच्या जेवणावर मोबाईल पुढे सरकवून "भाऊजी, ही रेघ बघा" म्हटलं, तेव्हा मला वाटलं, पठ्ठ्याचं कर्ज फिटलं.

कर्ज जागच्या जागी होतं. रेघ होती लडाखमधल्या 'खार्दुंग ला चॅलेंज' या शर्यतीची. एकूण ७२ किलोमीटर. पहाटे तीनला खार्दुंग गावातून निघायचं, खार्दुंग ला खिंड गाठायची आणि पलीकडून थेट लेहपर्यंत खाली यायचं. पहिले ३२ किलोमीटर चढ, पुढचे ४० उतार. सगळं मिळून १४ तासांच्या आत.

"म्हणजे बघा," आमटीत भाकरी चुरत तो म्हणाला, "निम्म्याहून जास्त फुकट."

हे 'फुकट' त्याच्या तोंडी ऐकून मी चमकलो. कारण हाच गृहस्थ डोंबिवलीच्या रामनगरातल्या त्याच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटच्या संमतिपत्रावर कित्येक वर्षं सही करत नाही. बिल्डर जे फुकट देतो म्हणतो ते कधीच फुकट नसतं, हा त्याचा सिद्धांत. इमारत तळमजला अधिक तीन, बिनलिफ्टची. हा तिसऱ्यावर. लिफ्ट आली की मेंटेनन्स वाढेल, शिवाय जिना चढल्याने प्रकृती उत्तम राहते, असं तो प्रत्येक सर्वसाधारण सभेत उभं राहून सांगतो. सेक्रेटरी खालमानेने इतिवृत्तात लिहून घेतात. त्यांना त्या वेळी नक्की काय लिहावंसं वाटत असेल, याची मला कल्पना आहे. बिल्डरच्या फुकटावर एवढा संशय घेणारा माणूस डोंगराच्या फुकटावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवत होता.

अर्थात ही श्रद्धा त्याच्या एकट्याची नाही. आपल्या रेल्वेचीही आहे. स्टेशनांवरचे सरकते जिने आठवून पाहा, बहुतेक सगळे वर जाणारे. चढताना माणसाला दम लागतो, तो सोयीला पात्र. उतरणारा काय, आपला आपण येईल खाली. सकाळी ब्रिजवरून उतरणारी गर्दी बघितली तर ते तसं खरंही वाटतं. तिथे कोणी उतरत नाही, उतरवला जातो.

सरावाला सुरुवात झाली आणि डोंबिवलीच्या भूगोलाची अडचण कळली. आमच्या गावाला डोंगर दिसतो, पण आहे तो दुसऱ्यांचा. मलंगगड गच्चीवरून छान दिसतो, इतकंच. चढ म्हणावा असा चढ स्टेशनच्या पुलाला, नाही तर ठाकुर्लीच्या उड्डाणपुलाला. त्यातल्या त्यात मानपाड्याकडची उंबार्लीची टेकडी. तिथे पहाटे पक्षी बघायला लोक जातात. मेहुणा त्या टेकडीवर धापा टाकत वर जायचा आणि धाडधाड खाली यायचा. वर, खाली, पुन्हा वर. दुर्बीण लावून शांतपणे बसलेल्या पक्षिनिरीक्षकांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी एका रविवारी स्वतः पाहिली. ज्या पाखरासाठी ते पहाटेपासून बसले होते, ते पाखरू बहुधा तोवर खोणीला पोचलं असावं.

मग त्याने स्टेशन गाठलं. सरकत्या जिन्याने वर जायचं आणि दगडी जिन्याने उतरायचं, पुन्हा सरकत्याने वर. पाठीवर दोन लिटर पाण्याची पिशवी, पायात महागडे बूट, कपाळाला पट्टी. पहिल्या लोकलची गर्दी सुरू व्हायच्या आधीची वेळ. तिकीट तपासनिसाने काही फेऱ्या सोडून दिल्या, मग अडवलं.

"कुठं जायचंय?"

"कुठंच नाही. नुसतं उतरायचंय."

पास रीतसर होता. तो बघून तपासनीस काही बोलला नाही. पण पास परत देताना त्याने फोटो आणि चेहरा जरा जास्तच वेळ ताडून पाहिला, असं मेहुणा सांगतो.

विरळ हवेचं काय करायचं, यावर घरात बरीच चर्चा झाली. लेह सुमारे साडेतीन हजार मीटरवर. तिथे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन आपल्याकडच्या दोन तृतीयांश. खिंड ५,३६० मीटरच्या आसपास, तिथे जेमतेम निम्मा. मेहुण्याचं म्हणणं, डोंबिवली ते ठाणे फास्ट लोकलमध्ये दोन बगलांच्या मधे उभं राहून आपण रोज हीच तालीम करतो. मला ते पटलं नाही. आमची सवय विरळ हवेची नाही, भरगच्च हवेची. ज्या गावात जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तिथल्या फुफ्फुसांना नुसती स्वच्छ हवा दिली तर ती जेवणात काही घातलंच नाही म्हणून तक्रार करतील.

सासूबाईंचा घोळ वेगळाच होता. लडाख म्हणजे वाळवंट, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. थंड वाळवंट असतं, हे मान्य करायला त्या तयार नव्हत्या. म्हणून सामानात माकडटोपी आणि आमसुलं दोन्ही गेली. कापराची पुरचुंडी तर चौघांनी चार दिल्या. कापूर हुंगला की उंचीवर दम लागत नाही, ही मराठी प्रवाशांची अढळ समजूत. लेहच्या बाजारात डोळे मिटून कोणी कापूर हुंगताना दिसला की खुशाल मराठीत पत्ता विचारावा.

मी सोबत गेलो ते बायकोच्या आग्रहाखातर. "त्याच्याबरोबर शहाणं कोणीतरी हवं," ती म्हणाली. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मिळालेलं प्रशस्तिपत्रक मी हातचं जाऊ दिलं नाही.

वाळवंट म्हणजे काय, ते मला लेहला गेस्ट हाऊसच्या गच्चीवर कळलं. हिमालय ढगांना पलीकडेच अडवतो, त्यामुळे लेहला वर्षभरात पाऊस पडतो सुमारे १०० मिलिमीटर. आमच्याकडे जुलैत एवढा पाऊस एका दिवसात पडतो आणि आम्ही ऑफिसला जातो. मेहुण्याने तिथे पोचल्यावर पहिलं काम काय केलं, तर पळण्याचे मोजे धुऊन वाळत टाकले. चहा संपायच्या आत ते वाळले. त्याने शर्ट धुतला, टॉवेल धुतला, मग माझी जीन पँट मागितली. पावसाळ्यात जीन पँट चार दिवस दोरीवर ठेवूनही कमरपट्ट्याशी ओलीच राहते आणि पाचव्या दिवशी ती तशीच घालून तिच्या त्या विशिष्ट वासासकट माणूस सभ्य समाजात वावरतो. इथे ती तासाभरात कडकडीत. मी व्हिडिओ कॉलवर गच्ची दाखवली. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मागे बर्फाची शिखरं, पुढे पॉपलरची झाडं, वर तो कुठेच न मिळणारा निळा रंग. मग म्हणाल्या, "काय वाळवणं झाली असती रे इथे!"

उंचीची सवय व्हावी म्हणून धावपटूंनी कितीतरी दिवस आधी लेहला येऊन राहायचं असतं. वैद्यकीय तपासणी होते. आधीच्या मोठ्या शर्यतींचे पुरावे अर्ज करतानाच द्यावे लागतात. ही सगळी लडाख मॅरेथॉनची जत्रा. चेवांग मोटुप या लडाखी गृहस्थांनी ती २०१२ मध्ये सुरू केली. पाच किलोमीटरपासून अल्ट्रापर्यंत सगळी अंतरं आहेत. पाचमध्ये मी नाव घातलं होतं. शाळेची लडाखी पोरं मला मागे टाकून जाताना "जुले" म्हणायची. जुले म्हणजे नमस्कार. त्यांनी तो मला इतक्या वेळा केला की शेवटी मलाच संकोच वाटायला लागला.

गेस्ट हाऊसमध्ये एक मुरलेले पुणेकर अल्ट्रावाले होते. मेहुण्याने त्यांना '४० फुकट'चा सिद्धांत ऐकवला. ते हसले नाहीत. पुणेकर हसला नाही की समजावं, प्रकरण गंभीर आहे. त्यांनी विचारलं, "उताराला मांड्या तयार केल्यात?"

"साताऱ्याची हिल मॅरेथॉन केलीय," मेहुणा म्हणाला. तीही २०१२ सालीच सुरू झालेली. यवतेश्वरचा घाट चढून वर जायचं आणि त्याच घाटाने सातारा गाठायचा.

"तिथे उतार किती? दहा किलोमीटर? तो चहा झाला. हे जेवण आहे."

मग त्यांनी जे समजावलं ते मध्य रेल्वेच्या माणसाला कळेल अशा भाषेत सांगतो. आपल्या इंडिकेटरवर दोन नावं कायम झळकत असतात, कर्जत आणि कसारा. दोन्हींच्या पुढे घाट. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. वर जाताना गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावून ढकलतात. हे सगळ्यांना माहीत असतं, कारण कर्जतला वडा खायला तेवढाच वेळ मिळतो. पण रेल्वेचा खरा जीव टांगणीला असतो तो गाडी घाट उतरताना. ब्रेक निकामी झालेली गाडी वळवून थांबवता यावी म्हणून घाटात कॅच सायडिंगं बांधून ठेवली आहेत, तीही चढावर नेलेली. चढायला लागते ताकद. उतरायला लागतात ब्रेक, आणि तापतात तेच.

माणसाचे ब्रेक मांडीच्या पुढच्या बाजूला असतात. उतारावर प्रत्येक पाऊल पडताना गुडघा वाकतो आणि मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला शरीराचं वजन धरून ठेवावं लागतं. चढताना स्नायू आखडत काम करतो, उतरताना लांबत काम करतो, आणि या लांबत केलेल्या कामात त्याचे बारीक धागे तुटतात. गंमत म्हणजे दम लागत नाही. बेताच्या उतारावर धावायला सपाटीपेक्षा कमी ऑक्सिजन पुरतो. फुफ्फुसं म्हणतात, मजा आहे. मांड्या काहीच म्हणत नाहीत. त्या नोंद ठेवतात आणि एक ते तीन दिवसांनी हिशेब पाठवतात. प्रयोगशाळेत माणसांचे पाय मुद्दाम दुखवायचे असतात तेव्हा शास्त्रज्ञ त्यांना उतरत्या ट्रेडमिलवर पळवतात. म्हणजे माझा मेहुणा जे पैसे भरून करायला निघाला होता, ते करण्यासाठी इतरत्र माणसांची समजूत घालावी लागते.

मी रात्री कागदावर आकडा मांडला. खिंडीपासून लेहपर्यंत ४० किलोमीटरमध्ये सुमारे १,८५० मीटर उतार. म्हणजे २२ ला १. कर्जतच्या घाटाहून उभा, आणि वाटेत एकही कॅच सायडिंग नाही. कागद मी मेहुण्याला दाखवला नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशी धावपटूंना खार्दुंग गावात नेऊन घराघरांत मुक्कामाला ठेवतात. निघण्याच्या गडबडीत तो कापूर शोधत होता. अशा वेळी माणसाला गणित सांगू नये.

पुणेकरांनी उताराची आणखी एक बाजू सांगितली, तिची मला जास्त मजा वाटली. ती प्रतिष्ठेची. धावण्याच्या जगात उतारावर मिळवलेल्या वेळेकडे, क्लासच्या नोट्स पाठ करून मिळवलेल्या मार्कांकडे बघावं तसं बघतात. मॅरेथॉनचा विश्वविक्रम मान्य व्हायचा तर मार्गाचा एकूण उतार किलोमीटरला एक मीटरहून जास्त चालत नाही, आणि सुरुवात-शेवटातलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त चालत नाही. २०११ मध्ये बोस्टनला केनियाचा जेफ्री मुताई २ तास ३ मिनिटं २ सेकंदांत पोचला. तेव्हाचा विश्वविक्रम हाइले गेब्रसेलासीचा, २:०३:५९. मुताई जवळजवळ एक मिनिट आधी पोचला, तरी विक्रम नाही. कारण बोस्टनचा रस्ता एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो आणि वाटेत सुमारे १४० मीटर उतरतो.

आता त्याच बोस्टनने पुढचं पाऊल उचललंय. तिथे प्रवेश मिळवायला आधी दुसरीकडे ठरावीक वेळेत मॅरेथॉन पळावी लागते. म्हणून अमेरिकेत चक्क उताराच्या मॅरेथॉन निघाल्या. लास वेगासजवळ डोंगरात सुरू होऊन वाळवंटात संपणारी एक आहे, दीड हजार मीटरहून जास्त उतार. लोक रात्री बसने वर जातात आणि सकाळी पळत खाली येतात. २०२७ च्या शर्यतीपासून बोस्टन यांचं माप घेणार आहे. उतार १,५०० फूट किंवा जास्त असला तर वेळेत पाच मिनिटं वाढवायची, ३,००० फुटांपासून पुढे दहा, आणि ६,००० किंवा जास्त असला तर ती वेळ धरायचीच नाही. मला हा नियम फार आवडला. फुकट मिळालेल्या गोष्टीवर जीएसटी लावल्याचं समाधान त्यात आहे.

शर्यतीच्या दिवशी दुपारपासून मी लेहमध्ये शेवटच्या रेषेपाशी उभा होतो. मेहुणा आला तेव्हा १४ तास व्हायला अजून बऱ्यापैकी अवकाश होता. येताना तो धावत होता असं मी सासूबाईंना सांगितलंय. प्रत्यक्षात तो पाय आपटत येत होता. गुडघे वाकवायचे नाहीत असा ठराव झाल्यासारखा. चढाचं त्याने फारसं काही सांगितलं नाही. अंधार, थंडी, पुढच्याच्या डोक्यावरचा दिवा, आणि खिंडीतली ती पाटी. तिच्यावर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं असायचं. खरी उंची साडेसतरा हजारांच्या आसपास. एवढ्या वर आलेल्या माणसाशी आठशे फुटांवरून वाद घालायला कोणाला फुप्फुस उरत नसावं. पण उताराबद्दल तो भरभरून बोलला. दक्षिण पुल्लूची चौकी ओलांडली की खाली खोऱ्यात लेह दिसतं. मग एक वळण, लेह दिसतं. दहा वळणं, लेह दिसतं. झाड नाही, सावली नाही, दोन्ही बाजूंना नुसता तपकिरी दगड. "भाऊजी, ठाणा सुटल्यावर मुंब्र्याला गाडी थांबते ना आणि डोंबिवली पलीकडेच असते, तसं तासन्‌तास." बूट काढले तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखं जांभळी झाली होती. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि नख दर पावलाला आदळतं. मोज्यात, का कोण जाणे, कापराचा एक तुकडा निघाला.

रात्री मात्र तो ठणठणीत. थुक्पा दोन वाट्या खाल्ला, मेडलसकट फोटो पाठवले, पुणेकरांना "तेवढं काही नव्हतं" असंही म्हणाला. ते या वेळी हसले. "परवा फोन करा," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने आम्ही निघालो. मुंबईत विमानाच्या पायऱ्या उतरताना तो मधेच थांबला आणि मागच्या लोकांना पुढे जाऊ दिलं. चारचौघांत मोठेपणा दाखवतोय, असं वाटून मला बरं वाटलं.

घरी तो तिन्ही मजले शीळ घालत चढला. यात खोटं काही नाही. उतारावर फाटलेल्या मांड्या चढताना फारशी कुरकुर करत नाहीत. सासूबाईंनी ओवाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला म्हणून तो दारातून बाहेर पडला, पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि त्याचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू गेला.

पुढचे दिवस तो वरच होता. बाल्कनीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची आमच्या जुन्या इमारतींतली पद्धत आता ऑनलाइनमुळे मागे पडली आहे. ती त्याने पुन्हा सुरू केली. भाजीवाला, दूधवाला, कुरिअरवाला, सगळे खालून. ऑफिसला जाणं आलंच तेव्हा तो उलटा उतरला. तोंड भिंतीकडे, दोन्ही हात कठड्याला, एकेक पायरी मागे. तळमजल्यावरच्या आजोबांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.

"लडाखहून आलास ना रे?"

"हो आजोबा."

"पहिला आलास?"

"नाही आजोबा. पूर्ण केली."

"मग पैसे किती मिळाले?"

"मीच भरले होते."

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं.

त्याच संध्याकाळी सेक्रेटरी वर गेले. हातात संमतिपत्र, खिशात पेन. काही बोलायची गरज पडली नाही, असं तेच सांगतात. मेहुण्याने मेंटेनन्सचा विषय काढला नाही, कार्पेट एरियाचा काढला नाही. फक्त एकच विचारलं, नव्या इमारतीला लिफ्ट एक की दोन. दोन, म्हटल्यावर त्याने सही केली, सगळ्या पानांवर.

आता दोनच सभासदांच्या सह्या राहिल्या आहेत. दोघंही सकाळी नेमाने फिरायला जातात, प्रकृती चांगली आहे. सेक्रेटरींनी परवा मला रस्त्यात गाठून विचारलं, लडाखची नोंदणी कधी उघडते, आणि सोसायटीच्या फंडातून दोन जणांची फी भरता येईल का.